चमक उतरली

रामीबाई या तांड्यात लग्न होऊन आली तेव्हा पुसदला जायला सडक नव्हती. आजारी माणसाला बाजेवर घालून न्यायचे आणि पुष्कळदा अर्ध्या वाटेतूनच परत आणायचे. तिचा दीर अंगावर सूज येऊन असाच गेला. म्हणून लेकाच्या, देवसिंगच्या, पायांवर सूज दिसली तेव्हा तिनं त्याला त्याच दिवशी पुसदच्या गाडीत बसवलं.

किडन्या निकामी झालेला देवसिंग आज नागपूरच्या दवाखान्यात होता. एका अनोळखी घरानं आपल्या गेलेल्या माणसाची किडनी त्याला दिली होती. पण ती फार वेळ रक्ताविना, बर्फात राहिलेली. जीव धरेल का, डॉक्टरही सांगेनात.

रामीबाईची नात अंजू तिथेच किडनी तपासायच्या यंत्रावर कामाला. किडनीवर एक खास उजेड टाकला की तिचं मांस आपणहून निळसर चमकतं आणि त्या चमकेवरून प्राणवायू मिळतोय का ते कळतं. अंजूनं दिवाळीत हे सारं समजावलं होतं. रामीबाईच्या ध्यानात ‘चमकतं’ एवढंच राहिलं.

दुपारी अंजूचा फोन आला. जाऊ सोनीबाईनं तो स्पीकरवर टाकला.

“आजी, किडनीत रक्त सोडलं! चमक भराभरा उतरून राह्यली!”

रामीबाईनं ओढणी तोंडावर घेतली आणि हंबरडा फोडला. तांड्यात एकीनं गळा काढला की दुसरी कारण विचारत नाही. शेजारी बसते आणि सूर धरते. बघता बघता अंगण भरलं. सोनीबाईनं फोन उंच धरला आणि ती ओरडली, “गप बसा वं! पोरगी काय म्हणते ते ऐका!”

“आजी, रडतं कायले? श्वास कोंडला की मांस जास्त चमकते. प्राणवायू भेटला, म्हणून चमक उतरली. काकाची लघवीबी सुरू झाली!”

बायांनी ओढण्या तोंडावरून काढल्या. मग सोनीबाई म्हणाली, “इतक्या बाया फुकट रडवल्या. आता यायले चहा कोण पाजते?”

तेवढ्यात रडणं ऐकून तांड्याचा नायक गुलाबसिंग चार माणसं घेऊन, मान खाली घालून आला. “गाडी सांगितली आहे, वैनी. नागपूरले निघू.”

“कायले?” रामीबाई डोळे पुसत हसली. “माह्या देवसिंगले लघवी झाली!”

बायांसमोर कधी न हसणारा नायक खो खो हसत ओट्यावर बसला.

“मंग गूळ वाटा.”

“लघवीचा गूळ?” सोनीबाईनं विचारलं.

“हो, लघवीचाच. अन् मले मोठा खडा द्या!”