बोलकीला घरी नेलं

"जरा बाजूला हो. दोन मिनिटं बघतील नि जातील," मालकीण दारातून म्हणाली.

स्वयंपाकीण बोलकीला भरवत होती. चमचा तसाच हातात धरून तिने वर पाहिलं. मालकिणीच्या मागे अंधाऱ्या बोळात सात-आठ माणसं दाटीवाटीने उभी होती. चांगल्या घरची, पायांत स्वच्छ बूट, एकीने नाकाला रुमाल लावलेला. त्यांना घेऊन आलेला टोपीवाला मात्र ओळखीचा होता. दर शनिवारी तो अशी एक टोळी गल्लीतून फिरवायचा. धंद्यातल्या बायकांचं जिणं बाहेरच्यांना कळावं म्हणून, असं तो सांगे. आजवर ही मंडळी रस्त्यावरूनच बघून जात. आज मालकिणीशी संधान बांधून तो थेट खोलीपर्यंत आला होता.

"काय बघायचंय?" तिने विचारलं.

"ताई, उतारवयात इथल्या बायकांचं काय होतं, ते डोळ्यांनी पाहिलं की लोकांना पाझर फुटतो," टोपीवाला मऊ आवाजात म्हणाला.

"हिला विचारलंत?"

"ती काय बोलणार?" मालकीण म्हणाली.

एके काळी उभ्या गल्लीत बोलकीसारखी जीभ कुणाची नव्हती. पोलीस असो, गिऱ्हाईक असो, तिने कुणाची भीडभाड ठेवली नाही. स्वयंपाकीण या घरात नवी असताना तापाने फणफणली, तेव्हा दारात ठाण मांडून बसली ती बोलकीच. तिने त्या दिवशी एकाही गिऱ्हाइकाला आत सोडलं नाही, वर मालकिणीच्या शिव्याही खाल्ल्या. पुढे एका भल्या मेकॅनिकने स्वयंपाकिणीशी संसार थाटला आणि ती गल्लीबाहेर पडली. तो वारल्यावर पोटासाठी परत आली, पण फक्त चुलीपाशी. तिच्या चाळीत सगळ्यांना वाटे, बाई कुठल्याशा खानावळीत रांधते. आणि बोलकीला मध्यंतरी अर्धांगवायूचा झटका आला. तोंड वाकडं झालं, जीभ लुळी पडली.

आता बोलकीने चांगल्या हाताने चादर ओढली आणि तोंड झाकून घेतलं.

स्वयंपाकीण उठून दारात उभी राहिली. "मिळालं उत्तर. निघा."

"अहो, आम्ही मदत करायलाच आलोय," रुमालवाली म्हणाली.

"मग तो रुमाल काढा नि आत या. पाणी गरम आहे, हिचं अंग पुसायचंय."

कोणी हललं नाही. टोपीवाल्याने घसा खाकरला आणि एकेक करून सगळे मागे वळले.

"फार तोरा आलाय तुला," मालकीण म्हणाली. "उद्यापासून कामावर येऊ नकोस. आणि ही कॉट मला तशीही रिकामी हवी आहे. हिला मी कुठवर पोसू?"

"उद्यापर्यंत कशाला थांबताय? आत्ताच रिकामी करते."

रागाच्या भरात ती बोलून गेली. पण तिने तोंडातून निघालेला शब्द मागे घेतला नाही. बोलकीचे केस विंचरले, धुतलेले कपडे चढवले. वरच्या खोलीतल्या दोघी-तिघी न बोलावता खाली आल्या. खुर्चीत बसवून, खुर्चीसकट बोलकीला उचलून त्यांनी बाहेर काढलं. एकीने चेहरा झाकायला ओढणी टाकली, ती बोलकीने भिरकावून दिली. नाक्यावर टोपीवाल्याची मंडळी अजून रेंगाळत होती. एकाने फोन वर केला. बोलकीने त्याच्यावर नजर रोखली ती रोखलीच. फोन हळूच खिशात गेला.

रिक्षात स्वयंपाकिणीने मनाशी जुळवाजुळव केली. नणंद म्हणून सांगावं. आजारी नणंद, हिला बघणारं कोणी नाही.

रिक्षावाल्याच्या मदतीने ती बोलकीला जिना चढवत असताना शेजारीण वरून खाली येत होती. रोजची वाटीची देवघेव, एकमेकींकडे घराच्या किल्ल्या, इतका घरोबा.

"अगंबाई, कोण हो या?"

नणंद हा शब्द अगदी ओठांवर आला होता. बोलकी तिच्याकडेच बघत होती.

"माझी बहीण. आम्ही दोघी एकाच घरात होतो. त्या गल्लीतल्या."

"कुठल्या गल्लीतल्या?"

"जिचं नाव आपण इथे घेत नाही, तिथल्या."

शेजारीण अंग चोरून भिंतीला टेकली. "म्हणजे तुम्ही... आणि ती खानावळ?"

"रांधत होते ते खरं. जागा खोटी सांगितली होती," स्वयंपाकीण म्हणाली. "जरा वाट द्या. हिला धरून माझे हात भरून आलेत."

रात्री तिला झोप लागली नाही. बोलकी मात्र घोरत होती.

सकाळी बोलकीच्या चादरी, कपडे पिळून ती गॅलरीत आली. सगळ्या बिऱ्हाडांची मिळून तिथे एकच लांब दोरी. तिच्यावर वीतभर जागेसाठी रोज कुरबूर चाले, कुणाचा टॉवेल कुणी सरकवला म्हणून दिवसदिवस अबोला असे. आज दोरीवर एक चिंधी नव्हती. जो तो आपले ओले कपडे आपल्याच खिडकीच्या गजांवर कोंबून बसला होता. दोरीवर नुसते चिमटे राहिले होते.

तिने बादली खाली ठेवली. मग तिने पहिली चादर झटकली आणि घडी न घालता, या टोकापासून पार मोकळी पसरून वाळत घातली. त्यानंतर दुसरी. दोरीला आज जागाच जागा होती.