चुकीच्या घरासमोर

आई गेली त्याला अकरा आठवडे झाले. अंत्यविधीला आलेले लोक तिच्या विणकामाबद्दल बोलले, प्रार्थनेतल्या तिच्या खणखणीत आवाजाबद्दल बोलले, तिच्या फटकळपणाचे किस्से सांगून हसले. त्या सकाळबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. तरी शेवटचं दर्शन घ्यायला वाकणाऱ्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर मला तीच सकाळ दिसत होती. कुणी बोलणार नसेल तर निदान लिहून ठेवावी, म्हणून हे.

सहा वर्षं झाली. मी शिकवते त्या शाळेला सुट्टी होती, म्हणून मी राजधानीतून, आपियाहून, बोटीने सावाई बेटावर आईकडे आले होते. घरी पोचले तर लेइतु आईच्या चटईवर भिंतीकडे, म्हणजे आमच्याकडे भिंती नसतातच, मागच्या खांबाकडे तोंड करून झोपलेली. लेइतु माझी मामेबहीण, सतरा वर्षांची. मामाचं मोठं घर रस्त्याच्या समुद्राकडच्या बाजूला, आईचं छोटं घर अलीकडे. चर्चच्या गायनाच्या सरावाहून परत येताना शेजारच्या गावातल्या इओपुने तिला गाठलं होतं. इओपु चोवीस वर्षांचा, तिथल्या प्रमुखाचा नातू. लेइतु तशीच, ओल्या केसांनी, वडिलांच्या घरावरून पुढे जाऊन आत्याच्या घरी आली. आईने तिला एकही प्रश्न विचारला नाही. शेजाऱ्याची गाडी मागितली, तिला आधी दवाखान्यात आणि मग पोलिसांकडे नेलं. मामाला विचारलंसुद्धा नाही. तो आमच्या घराण्याचा प्रमुख, आउमुआ ही पदवी धारण करणारा. त्याला ही गोष्ट तिसऱ्याच माणसाकडून कळली.

मी पोचले तोवर दोन आठवडे उलटले होते आणि गावाला दुसरा विषय नव्हता. आईबरोबर, बायका चटया विणायला बसतात त्या घरात गेले तर आमच्या पायांची चाहूल लागताच बोलणं थांबलं, आणि मग, आम्ही बसल्यावर, वेगळ्या रस्त्याने पुन्हा सुरू झालं.

"रेडिओवाले म्हणत होते, पोरीचं नाव सांगायचं नाही, कायदा आहे," एक म्हणाली.

"सांगू नका म्हणावं. आपल्याला कुठे रेडिओ लागतो?" दुसरी म्हणाली, आणि तीन-चार जणी हसल्या.

"मी म्हणते, सराव सात वाजता संपतो. मग आठ वाजता ती रस्त्यावर काय करत होती?"

"घरी येत होती," आई म्हणाली. तिने विणीवरून मान वर केली नाही. "तुझी मुलगी तेव्हा कुठे होती, सांगू?"

विचारणारीने पानांची नवी पट्टी ओढून घेतली.

रेडिओवर तर रोज सकाळी फोन येत होते. कुणी म्हणे, मुलींना हल्ली फोन दिले म्हणून असं होतं. कुणी म्हणे, परंपरेने मिटवायची गोष्ट कोर्टात नेणं म्हणजे आपल्याच माणसांना गोऱ्यांच्या कायद्याच्या तोंडी देणं. एका बाईने फोन केला, म्हणाली, "माफी मागितली की न्यायाधीश शिक्षा कमी करतात. पण माफी दिली कुणी, हे कुणी विचारतं का?" निवेदकाने घाईने गाणं लावलं. आईने ते गाणं संपेपर्यंत रेडिओकडे बघत हातातलं काम थांबवलं होतं.

रविवारी लेइतुने पांढरे कपडे घातले. चर्चच्या पायरीवर गायनाच्या बाईंनी तिला बाजूला घेतलं. "बाळा, काही दिवस मागे बस हं. लोकांचं लक्ष जातं." मामा पहिल्या बाकावर होता. त्याने हे पाहिलं आणि प्रार्थनेचं पुस्तक उघडलं. त्याच दुपारी मामी सांगून गेली, ऑकलंडच्या मावशीशी बोलणं झालंय, लेइतुला तिकडे पाठवतील.

"ती गुन्हेगार आहे का?" आईने विचारलं.

"ताई, तिच्याच भल्यासाठी. इथे कोण करणार आता तिच्याशी लग्न?"

"आणि कोर्टात जबाब कोण देणार?"

मामी उठली. त्या उठण्यातच उत्तर होतं. इओपुचे लोक इफोगा, म्हणजे अख्ख्या घराण्याची जाहीर माफी, घेऊन येणार, हे सगळ्यांना कळलं होतं. ते येतील, मानाच्या चटईखाली मान घालून बसतील. मामा ती चटई उचलेल. एकदा चटई उचलली की घराण्याने माफ केलं. मग कोर्टात उभं राहणारी मुलगी आपल्याच बापाचा शब्द मोडणारी ठरणार. असं करायचं धाडस आमच्याकडे आजवर कोणत्याही मुलीने केलं नव्हतं. लेइतुला ते करायचं होतं. रात्री तिने मला फक्त एवढंच विचारलं होतं, "पेता, तिथे उभं राहून बोलताना आवाज कापला तर ते खोटं समजतात का?"

मंगळवारी उजाडता उजाडता ते आले.

मी जागी झाले ती शांततेने. एरवी त्या वेळी डुकरं ओरडतात, कुणीतरी खोकतं. रस्त्यापलीकडे मामाच्या घरासमोरच्या खडीवर वीसेक माणसं मान खाली घालून बसली होती. सगळ्यांत पुढे एक मोठी, जुनी, रेशमासारखी मऊ चटई आणि तिच्याखाली दोन माणसांचे आकार. इओपुचे आजोबा आणि इओपु. समोर दगड, सरपण आणि केळीची पानं मांडलेली. भट्टी पेटवा आणि आम्हाला भाजा, असा त्याचा अर्थ. मामाच्या घरातले पुरुष बसलेले होते. माझे दोन मामेभाऊ खांबांना टेकून उभे, हातात कोयते. चटई उचलली नाही तर हे कोयते कशासाठी आहेत, ते कुणाला सांगावं लागत नव्हतं.

लेइतु उठून बसली. "आत्या, बाबा चटई उचलतील ना?"

"उचलेल," आई म्हणाली. ती मच्छरदाणीची घडी घालत होती. "त्याच्या बापानेही उचलली होती."

मला त्या वाक्याचा अर्थ लागला नाही. आईने केस बांधले, कंबरेचं वस्त्र नीट खोचलं आणि अनवाणी रस्ता ओलांडला. मी तिच्या मागे गेले. ती मामाच्या घरात शिरली नाही. बसलेली माणसं आणि घर यांच्या मधल्या खडीवर, थोडी कडेला, मांडी घालून बसली. मामा उठत होता, चटईकडे यायला.

"आउमुआ, थांब."

मामा थांबला. आमच्यात भाऊ कितीही मोठ्या पदवीचा असो, बहिणीचा शब्द ओलांडत नाही. तिच्या तोंडून वाईट शब्द निघाला तर तो भावाच्या लेकरांना लागतो, असं आम्ही मानतो. पण असा हक्क सगळ्यांना माहीत असणं वेगळं आणि सकाळी सहा वाजता कुणी तो खरोखर वापरणं वेगळं.

घराण्याच्या वतीने बोलणारे म्हातारे गृहस्थ खाकरले. "फुआतिनो, हे घराण्याचं काम चाललंय."

"मी घराण्याचीच आहे. तुम्ही इथे लग्न करून आलात."

कुणीतरी हसू दाबलं. आई मात्र हसली नाही.

"इफोगा कुणाच्या दारात बसतो?" तिने मामाला विचारलं.

"ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या."

"मग हे लोक चुकीच्या घरासमोर बसलेत."

"ताई, घराण्याची अब्रू..."

"अब्रू परवा पहिल्या बाकावर बसली होती, मी पाहिली. धडधाकट होती. जिच्यावर अन्याय झाला तिला मागे बसवलं. ती माझ्या घरी आहे." आईने श्वास घेतला. तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. प्रार्थनेत तो जितका खणखणीत असे, त्याहून आता हळू होता. "एक्केचाळीस वर्षांपूर्वी असेच लोक असेच इथे बसले होते. मी मागच्या स्वयंपाकाच्या झोपडीत होते. मला कुणी बोलावलं नाही. बाबांनी चटई उचलली, सगळे रडले, एकमेकांना मिठ्या मारल्या. मग मला निरोप आला, पाहुण्यांसाठी नारळ खव. मी अठरा नारळ खवले. त्यातला एक मी कुणासाठी खवतेय, ते मला माहीत होतं. पुढच्या आठवड्यात मला आपियाला पाठवलं. गावात सांगितलं, शिकायला गेली."

मी तिची मुलगी. तेव्हा चौतीस वर्षांची. मला हे माहीत नव्हतं. आईला आपिया का आवडत नाही, तिच्या आईवडिलांच्या कबरीवर ती फुलं का ठेवते पण बसत का नाही, हे सगळं मी तिच्या स्वभावाच्या खात्यात टाकून दिलं होतं. पुस्तकांतून मी माणसांबद्दल किती काय शिकले होते, आणि जिच्या ताटातलं जेवले तिच्याबद्दल काहीच नाही.

"ताई, मी चौदा वर्षांचा होतो," मामा म्हणाला.

"माहीत आहे. तूच त्यांना पाणी दिलंस. मी तुला दोष देत नाही. तेव्हा तू लहान होतास." थोडं थांबून ती म्हणाली, "आज नाहीस."

मामा उभाच राहिला. कोयता धरलेल्या माझ्या भावाने पायाचा भार बदलला आणि खडी करकरली. चटईखालचा म्हातारा आकार थरथरला. चटईखालच्याला काही दिसत नाही. फक्त पावलं ऐकू येतात.

"माझ्या दारातून उठा," मामा म्हणाला.

मागच्या रांगेतली एक बाई हुंदका देऊन कोसळली. तिला वाटलं, संपलं, नाकारलं. मामाने हात वर केला.

"रस्त्यापलीकडे जाऊन बसा. माझ्या मुलीसमोर."

आजवर असं झाल्याचं कुणी ऐकलेलं नव्हतं. चटईखालून कसं उठतात, कसं चालतात, याची काही रीत नव्हती. आधी म्हातारा उठला, मग इओपु, चटई दोघांच्या डोक्यांवरून जमिनीपर्यंत लोंबत. मागच्यांनी दगड उचलले, सरपण उचललं, पानं छातीशी धरली. बंदराकडे जाणारी पहिली बस तेवढ्यात वळणावर आली. ड्रायव्हरने ते पाहिलं, गाणं बंद केलं, मग इंजिनही. खिडक्यांतून चाळीस चेहरे. त्या सगळ्यांसमोरून एक पूर्ण घराणं, आपली आग आणि आपले दगड हातात घेऊन, आंधळ्यासारखं पाय चाचपत, डांबरी रस्ता ओलांडून एका सतरा वर्षांच्या मुलीच्या दारात गेलं. माझ्या अंगावर काटा आला. आताही, लिहिताना, येतोय. चर्चमध्ये मला जे वाटायला हवं असं लहानपणापासून सांगितलं गेलं, ते मला पहिल्यांदा त्या रस्त्यावर वाटलं.

आई घरात आली आणि लेइतुला म्हणाली, "मी काही सांगणार नाही. तुला जे करायचं ते कर. काहीच नको असेल तर पडदे सोड."

लेइतुने झावळ्यांचे पडदे सोडले. चारही बाजूंनी.

ते बसून राहिले. ऊन आलं. सात वाजले, आठ वाजले. आम्ही आत अर्धवट अंधारात बसून कोको प्यायलो. बाहेरून म्हाताऱ्याच्या खोकल्याचा आवाज येई, आणि प्रत्येक वेळी लेइतुचा कप थांबे. माझ्या दोनदा ओठांवर आलं की पुरे कर आता, म्हातारा मरेल. आईने माझ्याकडे पाहिलं. मी माझा कप उचलला.

साडेआठच्या सुमारास लेइतुने स्वतः समोरचा पडदा वर केला. रस्त्याच्या कडेला अख्खं गाव उभं होतं. विणकामवाल्या सगळ्या, गायनाच्या बाई, मामी. लेइतु पायरीवर बसली.

"इओपु," ती म्हणाली, "तू काय केलंस ते सांग."

चटईखालून बोलायची रीत नाही. आमच्या घराण्याच्या वतीने बोलणाऱ्या गृहस्थांनी तोंड उघडलं, आणि मामाने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

मग चटईखालून आवाज आला, बारीक, फुटलेला. तो म्हणाला की मी झाडामागे थांबलो होतो. म्हणाला, ती नको म्हणाली होती. म्हणाला, तिने दोनदा माझं नाव घेऊन सोड म्हटलं. पुढचंही सांगितलं. ते इथे लिहिण्याचा हक्क माझा नाही. ती आठ वाजता रस्त्यावर काय करत होती, असं विचारणारी बाई माझ्यापासून दोन हातांवर होती. तिने आपल्या तोंडावर हात ठेवला आणि तो खाली घेतला नाही.

लेइतु उठली. ती चटईपाशी गेली आणि तिने म्हाताऱ्याच्या डोक्यावरची बाजू उचलून मागे टाकली. त्याचे डोळे उन्हाने मिटले. "आजोबा, उठा, पाणी प्या," ती म्हणाली. दुसऱ्या बाजूला तिने हात लावला नाही. इओपु चटईखाली तसाच राहिला. "तुझी माफी मी ऐकली. आता हेच कोर्टात सांग. मी तिथे येणार आहे."

एवढं बोलून ती आत आली आणि ओकली. आईने तिचं कपाळ धरलं.

गाव एका सकाळीत बदललं असं मी सांगणार नाही. गायनाच्या बाईंनी तिला पुढच्या रांगेत घेतलं, पण काही बायकांनी आपल्या मुलींना तिच्याशी बोलू दिलं नाही. रेडिओवर आणखी महिनाभर भांडणं चालली. आता आईचंही नाव न घेता. "ती बाई," म्हणत. एकाने फोनवर म्हटलं, ती बाई रीत मोडते. आई रेडिओला म्हणाली, "मी तर फक्त पत्ता सांगितला, बाबा."

सहा महिन्यांनी आपियाच्या कोर्टात इओपुने गुन्हा कबूल केला. त्याच्या वकिलाने उठून सांगितलं की इफोगा झाला आहे, मुलीकडच्यांनी तो स्वीकारला आहे, तेव्हा शिक्षा ठरवताना याचा विचार व्हावा.

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "कुणी स्वीकारला?"

वकिलाने कागद चाळले. मामा मागच्या बाकावर होता, पदवीधारी, कोट घातलेला. तो उठला नाही. त्याने हात मांडीवर ठेवून लेइतुकडे पाहिलं.

लेइतु उभी राहिली. "आजोबांना मी उठवलं," ती म्हणाली. "याला नाही." तिचा आवाज कापत होता, अगदी शेवटपर्यंत कापत होता, आणि त्या खोलीत एकाही माणसाला तो खोटा वाटला नाही.

मी आईकडे पाहिलं. मला तिला काहीतरी म्हणायचं होतं. तिच्याबद्दल, त्या अठरा नारळ खवणाऱ्या मुलीबद्दल. पण ती पुढे झुकून ऐकत होती, ओठ किंचित उघडे, लहान मूल पहिल्यांदा समुद्र बघतं तशी. मी तिला तसंच ऐकू दिलं.