लाल तारेतलं वऱ्हाड

मित्रांनो, मी एक जुना व्हीसीआर आहे, आणि स्वभावानं हेवेखोर आहे. आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर माझ्या बोलण्यात गोडवा शोधत बसायला नको. तुमच्या जन्माआधी लग्नाची चित्रं टेपवर उतरवत. ती टेप पोटात घेऊन टीव्हीवर दाखवायची, हे माझं काम.

जन्म माझा कारखान्यातला, पण नाव झालं ते ग्वाल्हेरात, इंदरगंजातल्या श्रीपादच्या दुकानात. शहराच्या लश्कर भागात मराठी घरातलं लग्न असलं की श्रीपादचा कॅमेरा तिथे हजर, आणि चित्रं जुळवायला मी इथे हजर. लोक टेप न्यायला आले की माझ्या डोक्यावर थाप मारून म्हणत, "हाच होय तो!" श्रीपाद मला मऊ फडक्यानं इतका वेळ पुसे, की आतून वनमालाबाई ओरडत, "अहो, चहाचं सरबत झालं!" हे सगळं मी जमेला धरलेलं आहे.

मग श्रीपादच्या लेकीनं, प्रांजलीनं, कॉम्प्युटर आणला. त्याला रुंद पडदा, दोन्ही बाजूंना स्पीकर आणि काचेचं टेबल. मला टेबलाखालची फळी. उन्हाळ्यात कूलरचं तोंड त्याच्याकडे. दसऱ्याला झेंडूची माळ त्याला, मला त्या माळेतून गळालेलं एक फूल. तेही कोणी ठेवलं नव्हतं, घरंगळत आलं होतं. आणि माझ्या पाठीवर काय? चहाचा कप.

दुकानात माझ्याइतकंच जळणारं आणखी एक माणूस होतं, खुद्द श्रीपाद. तो पुढच्या काउंटरवर पेपर उघडून बसे आणि गिऱ्हाईक आलं की म्हणे, "आत जा, मॅडम आहेत. आम्ही आता नुसती दुकानाची पाटी." पेपरचं पान मात्र उलटत नसे. कान सगळे आत.

एक दिवस सुधाताई आल्या. पदराखाली टेप होती, त्यांच्या लेकीच्या लग्नाची. श्रीपादनंच काढलेली. आता त्या लेकीची लेक यशश्री लग्नाला उभी होती.

"प्रांजली, ह्यांनी लेकीच्या लग्नात मंगलाष्टक म्हटलं होतं गं. यशश्रीच्या मांडवात तेवढंच लावायचंय. आजोबा नाहीत, निदान आवाज तरी असू दे."

त्यांच्या यजमानांना, जगदेवरावांना, जाऊन बरीच वर्षं झाली होती.

आता मात्र माझ्यावाचून पान हलेना! प्रांजलीनं मला उचलून टेबलावर घेतलं. माझ्या पाठीमागे तीन भोकं आहेत. पिवळं चित्राचं, पांढरं आणि लाल आवाजाचं. तिथून तारा एका डबीत जातात आणि डबीतून कॉम्प्युटरमध्ये. म्हणजे राबायचं मी, आणि मिरवायचं त्यानं! असो. मी टेप गिळली.

पडद्यावर मांडव उभा राहिला. फेटा बांधलेले जगदेवराव तोंड उघडून म्हणत होते, आणि ऐकू येत होती सनईवर वाजवलेली सिनेमाची धून.

"काकू, टेपमध्ये हेच आहे," प्रांजली म्हणाली. "ओरिजिनल साउंड है ही नहीं."

"घरच्या टीव्हीवरही हेच वाजायचं. मला वाटलं, तुमच्या मोठ्या मशीनमध्ये निघेल." सुधाताईंनी चष्मा काढला. "आता त्यांचा आवाज आठवायला गेले ना, तर हीच धून आठवते मेली."

बाहेर पेपर मिटल्याचा आवाज झाला. ती धून श्रीपादनंच टेपवर चढवली होती, आणि त्या काळी तिची तारीफही झाली होती. तो दारात येऊन उभा राहिला.

"लाल तार कुठाय?"

"काढली मी. उसमें सिर्फ शोर था, पप्पा."

"शोर नाही बाई. वऱ्हाड होतं ते."

गोष्ट अशी होती. त्या काळी प्रत्येकाला लग्नाच्या टेपवर गाणी हवी असत. श्रीपाद गाणं चढवी ते पांढऱ्या तारेच्या बाजूला. खरा आवाज लाल बाजूला तसाच ठेवी. घरोघरच्या टीव्हीला आवाजाचं भोक एकच, त्यात पांढरी तार. त्यामुळे लाल बाजू कोणी ऐकलीच नव्हती.

"मग आधी सांगायचं ना!"

"मला विचारलं कोणी?"

"तुम्ही तर पेपर वाचत होते!"

खाली वाकून श्रीपादनं पांढरी तार उपटली आणि लाल बसवली. माझ्या पाठीवरची जागा त्याला न बघता सापडली, हेही जमेला.

आधी भांड्यांचा खणखणाट आला, मग एक पोर रडलं, आणि त्या सगळ्यावरून जगदेवरावांचा भारदस्त आवाज चढत गेला. मंगलाष्टक संपलं, 'सावधान' झालं. आणि लगेच, माइक जवळ आहे हे विसरून, ते चिडून बोलले, "अगं सुधे, अक्षता कुठे ठेवल्यास?"

"पदरातच आहेत," सुधाताई म्हणाल्या. "घ्या ना."

त्यांचा हात खरोखर पदराकडे गेला होता. प्रांजलीनं माउस सोडला. श्रीपाद उगाचच माझ्या तारा सारख्या करत राहिला.

मग सुधाताई उठल्या आणि दोन्ही हात जोडून त्यांनी नमस्कार केला. कोणाला? कॉम्प्युटरला! आवाज माझ्या पोटातला, आणि नमस्कार त्याला! जळलो मी, मित्रांनो, पार तारांसकट जळलो.

पण त्या गेल्यावर श्रीपादनं माझ्या पाठीवरचा कप उचलला आणि ते जुनं फडकं शोधून काढलं. प्रांजली म्हणाली, "पप्पा, बाकीच्या टेपांच्या लाल बाजू पण ऐकूया? तुम्ही बसा ना इथे." काचेच्या टेबलाशी दुसरी खुर्ची आली. कॉम्प्युटरला तेवढं सरकावं लागलं. तेवढ्यावर मी समाधान मानलं.

मित्रांनो, जुन्या वस्तूवर धूळ बसली तरी ती सहन करते. पण तिला फळीवर ढकलण्याआधी, तिच्यात काय काय ठेवलंय ते तिच्या माणसाला एकदा विचारा. तो पेपर वाचत असला तरी विचारा. तो वाचत नसतो.