बिनकुलपाचं दार आणि त्रेसष्ट पुस्तकं

बोलक्या ग्रंथालयाचा सर्व्हर जिन्याखालच्या खोलीत राहायचा. कपाटाएवढी खोली, आत पंख्यांची घरघर. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी लोक इथं येऊन आपल्या आवाजात पुस्तकं वाचून ठेवत. ऐकणाऱ्यानं फोन लावला की पुस्तक कानाशी येऊन बसे. हा सगळा संसार जी सांभाळायची तिला ग्रंथालयात सगळे वहिनी म्हणत. तिची नणंद रोज दुपारी फोन करून "वहिनी आहे का?" असं विचारी, आणि नाव चिकटलं ते चिकटलंच.

त्या सकाळी इमारतीचं नेटवर्क पाहणारे साहेब नोटीस घेऊन आले. एका मोठ्या यंत्राच्या पोटात छोटी यंत्रं चालवायचं एक सॉफ्टवेअर असतं, व्हर्च्युअल मशीनचं. त्याच्यात भोक सापडलं होतं. ठरावीक आडवाटेनं आलेल्याला ते पासवर्ड न विचारताच मालक समजून आत घ्यायचं. साहेबांनी ग्रंथालयाची बाहेरची तार काढली आणि यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. मोठं यंत्र जागं झालं. पोटातलं छोटं, ज्यात पुस्तकं होती, ते निजलेलंच राहिलं. त्याला उठवायचं तर मालक हवा, दुरुस्ती घालायची तरी मालकच हवा. आणि मालकाचा पासवर्ड ठाऊक होता तो फक्त हे यंत्र बसवून निवृत्त झालेल्या मास्तरांना.

मास्तर फोनवर मनापासून हसले. "अगं, विसरू नये म्हणून इतका सोपा ठेवला होता, की लिहूनच ठेवला नाही." मग त्यांनी नातवंडांची लाडाची नावं सांगितली, अकरा. एकही लागलं नाही.

"मग सरळ आहे," साहेब म्हणाले. "पाचला सगळं पुसतो, नवं घालतो. तुमची रोजची प्रत, बॅकअप, आहे ना?"

"आहे," वहिनी म्हणाली. रोज सकाळी प्रत निघाल्याची हिरवी खूण यायची, आणि ती खूण बघूनच ती चहा घ्यायची.

साहेब गेल्यावर तिनं सहज ती प्रत उघडली. नवी पुस्तकं तीत नव्हतीच. पाच महिन्यांपूर्वी जागा कमी पडली म्हणून तिनं नवी पुस्तकं नव्या कप्प्यात ठेवायला सुरुवात केली होती. प्रत काढणाऱ्या प्रोग्रामला मात्र ते सांगायचं राहून गेलं होतं. तो बिचारा रोज जुनाच कप्पा इमानानं उचलत होता आणि हिरवी खूण करत होता. त्रेसष्ट पुस्तकं. कुणी घसा बसलेला असताना वाचलेलं, कुणी नोकरीवरून येऊन, जेवायच्या सुट्टीत. त्या सगळ्यांनी आपला आवाज तिच्या ओटीत घातला होता, आणि ओटीला भोक होतं.

तिनं नणंदेला फोन लावला. नणंदेचा धंदा लोकांच्या सॉफ्टवेअरची घरं फोडायचा, तोही घरमालकाच्या लेखी परवानगीनं. अर्ध्या तासात ती हेल्मेटसकट दारात उभी.

"काय वहिनी, हिरवी खूण बघून चहा पीत होतीस म्हणे?"

"टोमणे नंतर मार, वन्सं. आधी सांग, पासवर्ड मिळेल का?"

"नाही. मास्तर सोपा म्हणाले, म्हणजे वीस अक्षरी असणार." नणंदेनं नोटीस वाचली, ओठ चावला. "आणि साहेबांचंही बरोबर आहे गं. असलं उघडं दार ठेवून चालत नाही. रस्त्यावरचा कुणीही आत येईल आणि मालक होऊन बसेल."

वहिनी पंख्यांकडे बघत राहिली. घड्याळात तीन वाजून गेले होते. मग ती हळूच म्हणाली, "कुणीही?"

"कुणीही."

"मग आपण का नको?"

नणंदेनं तिच्याकडे पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावर हसू असं पसरलं, जसं दूध पातेल्यात वर येतं. "चोरासाठी पडलेल्या भगदाडातून आपल्याच घरात शिरायचं, आणि आतून ते बुजवायचं. वहिनी, माझी नोकरी घालवशील तू. पण परवानगी लेखी हवी."

ग्रंथालयाच्या प्रमुख बाई जन्मापासून अंध. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. नव्या पुस्तकांची प्रत पाच महिने निघाली नाही, हेही वहिनीनं मान खाली घालून सांगितलं.

"मान वर कर," बाई म्हणाल्या. "आवाज जमिनीकडे जातोय तुझा." मग कागद मागवला, सही केली आणि म्हणाल्या, "स्वतःच्या घरात घुसायला परवानगी देणारी मी पहिलीच असेन. चला, मीही येते. मला अंधारात शिरायची सवय आहे."

तिघी त्या खोलीत कशाबशा मावल्या. नणंदेनं आपला लॅपटॉप सर्व्हरला जोडला. नोटिशीत म्हटलेल्या आडवाटेनं तिनं दार ढकललं, आणि यंत्रानं काही न विचारता तिला मालकीण केलं.

"किती भोळं आहे गं हे," बाई पुटपुटल्या.

आधी त्यांनी येण्याजाण्याची नोंदवही पाहिली. आजवर या वाटेनं दुसरं कुणीही आलेलं नव्हतं. मग वहिनीनं निजलेल्या छोट्या यंत्राला उठवलं. ते डोळे चोळत उठलं, आणि पडद्यावर नवा कप्पा दिसला. तिनं मोजली. त्रेसष्ट. पुन्हा मोजली. प्रत काढली, आणि यावेळी खुणेवर न विसंबता एकेक पुस्तक उघडून थोडं थोडं ऐकलं. एका पुस्तकात मध्येच कुणीतरी शिंकलं आणि वाचणारीनं "सॉरी हं" म्हणून वाक्य पुन्हा सुरू केलं. वहिनीला ती शिंक सोन्याची वाटली.

मग दुरुस्ती घातली, नवा पासवर्ड ठेवला. तो बाईंनी ब्रेलमध्ये टोचून आपल्या खणात टाकला.

पाचला पाच मिनिटं कमी असताना साहेब आले. नणंद म्हणाली, "बसा. आता मी पुन्हा घर फोडते." तिनं तीच आडवाट धरली. यंत्रानं पासवर्ड मागितला. तिनं वळसा घालून पाहिलं, खालून पाहिलं, यंत्र ढिम्म. हरल्यावर इतकं खूश झालेलं माणूस साहेब आयुष्यात पहिल्यांदाच बघत होते. त्यांनी स्वतः दोनदा तपासलं, मग तार परत जोडली. मिनिटभरात पहिला फोन आला. कुणीतरी सकाळपासून अडकलेला सातवा अध्याय मागत होतं.

बाई नणंदेकडे वळल्या. "मघापासून ऐकतेय. तुमचा आवाज चांगला आहे. मोकळा आहे. वाचता का?"

"मी? मला दोन ओळी सलग वाचवत नाहीत. मध्येच हसू येतं."

"हसा की. ऐकणाऱ्यांना कुणी हसलेलं फार कमी ऐकायला मिळतं."

वहिनीनं तिला पुस्तकं वाचून घ्यायच्या काचेच्या खोलीत ढकललं, कानाला हेडफोन लावले, समोर एक जाड पुस्तक ठेवलं. नणंदेनं घसा साफ केला, पहिलं वाक्य चुकलं, दुसरं वाचताना तिला हसू फुटलं, तिसरं मात्र सरळ, स्वच्छ निघालं. काचेबाहेर वहिनीनं यादी उघडली, त्रेसष्टच्या खाली चौसष्ट लिहिलं आणि प्रत काढणाऱ्या प्रोग्रामला नवा कप्पा दाखवला.