किलोमीटर संपलेली गाडी

मी एक जुनी अँबॅसेडर आहे. एके काळी पांढरीशुभ्र होते. मित्रांनो, आता नाशिक रोडला एका भंगाराच्या दुकानामागे उभी आहे आणि माझ्या सीटवर कोंबड्या बसतात. कोंबड्यांबद्दल माझी तक्रार नाही. त्यांच्याआधी जे बसत होते, त्यांची मला किळस येते.

मल्हारीशेठनी मला हौसेनं घेतलं होतं. दर दसऱ्याला हार घालायचे. १९७८ साली त्यांनी मला गंगापूर रोडवरच्या एका कचेरीला भाड्यानं दिलं. कचेरीनं स्वतःची नवी गाडी नोंदवली होती, ती येईपर्यंत काम माझं. करार साधा होता. महिन्याला ठरावीक किलोमीटर, त्यापुढे मी जागची हलायचं नाही.

नवी गाडी काही येईना. एक दिवाळी गेली, दुसरी गेली. साहेबांची सासुरवाडी आणि बाईसाहेबांचा बाजार यांतच माझे किलोमीटर निम्म्या महिन्यात संपायचे. मग साहेब ड्रायव्हरला म्हणाले, "भिकन, मीटरची केबल काढून ठेव. नवी येईपर्यंतच रे."

तेव्हापासून मी गावभर धावायचे आणि आकडा ढिम्म हलायचा नाही. शेठ तर आकडा बघूनच माझं इंजिन ऑइल बदलायचे. तेच काळं, जळकं ऑइल पोटात घेऊन मी साहेबांच्या मेव्हण्यांना मिरवत होते. शी.

एका सकाळी कचेरीत झाडलोट करणारी कुसाबाई साहेबांपुढे उभी राहिली. तिची सून मैना सायखेड्याला बाळंतपणात अडली होती.

"साहेब, दाईनं हात टेकले. तेवढी गाडी द्या, लय उपकार होतील."

"कुसाबाई, या महिन्याचे किलोमीटर संपले. नियम म्हणजे नियम."

बिचारी एसटीनं गेली. आणि दुपारी साहेब कुठे निघाले? सायखेड्यालाच, एका बागायतदाराकडून द्राक्षांच्या पेट्या आणायला.

परतताना रस्त्यात एक बैलगाडी दिसली. तिच्यात मैना विव्हळत होती. मला पाहताच कुसाबाईनं खाली उडी मारली. तिला वाटलं, साहेबांना दया आली, गाडी आपल्यासाठीच धाडली.

"थांबवू नकोस," साहेब म्हणाले.

भिकननं ब्रेक दाबला. त्यानं पेट्या उतरवून रस्त्याकडेला ठेवल्या आणि मैनाला मागच्या सीटवर निजवलं. साहेब पेट्या राखत तिथंच बसले. माणसाची इतकी घाण मी कधी पाहिली नव्हती.

त्या दिवशी मी जीव तोडून धावले. पण चांदोरीच्या पुढे माझं इंजिन जॅम झालं. जळक्या ऑइलवर ते किती तग धरणार? भिकननं हात दाखवून एक ट्रक थांबवला. मैना दवाखान्यात पोचली, वाचली. बाळ वाचलं नाही.

त्याच महिन्यात नवी गाडी आली. साहेबांनी तिच्यापुढे नारळ फोडला आणि पेढे खाता खाता सगळ्यांना सांगितलं, "जुनी गाडी दगाबाजच निघाली."

कुसाबाईनंही तेच खरं धरलं. ती आजही या रस्त्यानं जाताना माझ्यापाशी थांबते, माझ्यावर थुंकते आणि पुढे जाते.

मित्रांनो, गाडीची निगा राखा, हे तुम्हांला शाळेतही सांगतील. माझं मागणं वेगळं आहे. तुमच्यापैकी कुणाला कुसाबाई भेटली, तर तिला एवढंच सांगा, की तिच्या सुनेला घेऊन मी थांबले नव्हते. मला आधीच मारून ठेवलं होतं.