ओढणाऱ्या हातांची ओंजळ

मी एक लाकडी नळी आहे. वीतभर लांब, एका टोकाला पसरट तोंड. ते तोंड गरोदर बाईच्या पोटावर टेकवायचं, दुसऱ्या टोकाला कान लावायचा, की आतल्या बाळाचे ठोके ऐकू येतात. एवढंच माझं काम. मी ओढत नाही, ढकलत नाही, सल्ले देत नाही. माणसांना हे काही जमत नाही.

एका सुताराने मला घडवलं. म्हाताऱ्या नर्सबाईंनी मला वीस वर्षं वापरलं आणि मग हाताखालच्या सुईणीला दिलं. देताना बजावलं, "पायाळू बाळ आपणहून येत असेल तर ओढायचं नाही. हात आवर."

सुईणीने मान डोलावली आणि विसरून गेली. बाई भारी हट्टी. चर्चचा एक रविवार चुकवायची नाही, पण तिची प्रार्थना म्हणजे देवाला दिलेली वर्दी. मी असं असं ठरवलंय, तू आशीर्वाद दे, आमेन. देवाला तोंड उघडायला जागाच नाही.

मग एक पायाळू बाळ आलं. हिला घाई झाली. पाय धरून ओढलं. ओढलं की बाळाचे हात वर जातात आणि डोक्याशी अडकतात. मुलगी जगली, पण तिचा डावा हात कायमचा लुळा पडला. सुईण रडली, देवाची क्षमा मागितली. तरी आपलेच हात शहाणे, हे मनातून जाईना. मी तिच्या कानाशी असते, मला कळतं.

आणि तिच्या पोटच्या लेकीची वेळ आली. भर दुपारी, महिनाभर आधीच. बाळ पायाळूच, पण पाय वर दुमडलेले. दवाखान्याची गाडी निघाली होती, पण बाळाला कुठला धीर? ढुंगण दिसायला लागलं आणि तिथेच थांबलं.

सुईणीने मला पोटावर टेकवलं. कळ आली की ठोके मंदावत, कळ गेली की पुन्हा धावत. बाळ ठीक होतं. मी सांगत होते, तिला ऐकू येत होतं, तरी बोटं शिवशिवत होती.

लेकीची सासू उशाशी बसलेली. ती म्हणाली, "अहो विहीणबाई, बघत काय बसलात? ओढा की. जगाच्या बायकांसाठी हात चालतात, लेकीसाठीच दुखतात होय?"

सुईणीचे हात पुढे गेले. मग तिने ते मागे घेतले आणि आपल्याच मांड्यांखाली दाबून त्यांच्यावर बसली.

"बापा," ती म्हणाली, "हे हात माझ्या ताब्यात राहिले तर मी ओढणार. तूच घे. लेक तुझी, बाळ तुझं. तुझ्या मनासारखं कर."

देवाने काय करायचं ते तिने सांगितलं नाही, असं पहिल्यांदाच झालं. मग विहीणबाईंकडे वळून म्हणाली, "ती माझ्याआधी देवाची आहे. तुम्ही तिचा घाम पुसा."

कळ आली, कंबर आली. पुढच्या कळेला पाय सुटले. मग एक हात, मग दुसरा, कुणी न बोलावता. तेव्हा कुठे सुईणीने आपले हात पुढे केले, ते ओंजळ करून. त्या ओंजळीत नात उतरली आणि असा टाहो फोडला, की विहीणबाई रडता रडता हसायलाच लागल्या.

गाडी पोचली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, बाळंतपण कुणी केलं?

"देवाने," सुईण म्हणाली. "मी हातांवर बसून होते."

आता मला बारीक भेग पडलीय. दवाखान्यात ठोके मोजायची यंत्रं आलीत, येऊ देत. मी नुसतं लाकूड, मला नातं ना गोतं. पण त्या दुपारी देवाला काम करताना मी ऐकलंय, ठोका न् ठोका. तुम्हालाही ऐकायचं असेल, तर आधी हात थांबवा.