गवताखालचा वाफा

पहिला फटका बाब्याच्या खांद्यावर बसला, तेव्हा पोस्टमन आपल्या टोमॅटोबद्दल बोलत होते.

"रोपं बोटभर झालीत, पण रात्री अजून गारठा असतो. म्हणून मी काय करतो, संध्याकाळ झाली की वरून..."

वाक्य तिथेच तुटलं. फावड्याचा दांडा हाडावर आदळल्याचा आवाज आला आणि बाकावरच्या सगळ्यांच्या माना एकदम वळल्या. बाब्याच्या आईला, सगळे तिला मावशी म्हणत, वळून बघायची गरज नव्हती. तिची अख्खी नोकरी इस्पितळाच्या हाडांच्या वॉर्डात आयाचं काम करण्यात गेली होती, आणि मारणारा कोण असणार हेही तिला ठाऊक होतं. हातातला चहाचा पेला टाकून ती धावली.

थंडी सरायला लागली की पहिल्या उबदार रविवारी घरांमागच्या मोकळ्या जागेत ही मंडळी जमायची. प्रत्येकाचा तिथे एकेक वाफा होता. काय पेरलं, काय उगवलं, गोठलेल्या दवाने काय मारलं, हे ज्याने त्याने सांगायचं. बढाई मारायला परवानगी होती, मध्ये तोंड घालायला नव्हती. शिंपीणबाई आपल्या वाटाण्याचं असं कौतुक सांगे, की ऐकणाऱ्याला वाटावं लेक पहिल्या नंबराने पास झाली. पोस्टमननी जन्मभर लोकांच्या बातम्या वाटल्या होत्या. आता स्वतःची बातमी सांगायला मिळाली की त्यांना आवरणं कठीण जाई.

बाब्या मात्र या मंडळीत बसला नव्हता. बसणार कुठल्या तोंडाने? तो मावशीचा एकुलता एक मुलगा, नुकताच तुरुंगातून सुटलेला. काही वर्षांपूर्वी पेट्रोलपंपावरच्या रांगेत कोण पुढे, कोण मागे एवढ्यावरून त्याची एका पोराशी जुंपली. पोरगा पहिल्याच ठोशाला खाली पडला. तिथे थांबला असता तर दोन शिव्या आणि चार टाक्यांवर भागलं असतं. पण बाब्या थांबला नाही. पडलेल्याच्या पाठीत त्याने बुटाने लाथा घातल्या, लोकांनी ओढून बाजूला करेपर्यंत घातल्या. त्या पोराचे पाय गेले, उजवा हातही गेल्यातच जमा झाला. तो पोरगा म्हणजे दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरचा मुलगा, आणि पेंटरचा वाफा मावशीच्या वाफ्याला लागून.

त्या पोराला आणलं तेही मावशीच्याच वॉर्डात. ती अंथरूण बदलायला गेली तेव्हा पेंटरने तिचा हात झिडकारला होता. "तुम्ही नका हात लावू," एवढंच तो बोलला. त्यानंतर दोघं शेजारीशेजारी माती उकरत, पण दोघांत शब्द म्हणून नव्हता. वाफा सोडून जावं असं मावशीच्या कितीदा मनात आलं. पण गेली असती तर सुटल्यावर पोराला कुठे नेऊन उभं केलं असतं?

त्याला मुदतीआधी सोडलं होतं, ते एका अटीवर. कुणावर हात उचलला की उरलेली शिक्षा भोगायला परत आत. हवालदार दर रविवारी येऊन बघून जाई. ही अट मावशीला पाठ होती, बाब्याला पाठ होती, आणि सगळ्यात जास्त पेंटरला पाठ होती.

आज सकाळी मावशीनेच त्याला उठवून आणलं होतं. घरात बसून भिंती बघण्यापेक्षा माती बघू दे, असा तिचा विचार. "त्या कडेला बघ, वाळलेलं गवत अंथरलेला वाफा आहे ना, तो आपला. गवत काढ आणि चांगला खोल खण," असं सांगून ती चहाकडे गेली. सांगताना तिने मान वर करून बघितलंसुद्धा नाही. रात्री वारं असं सुटलं होतं की तिच्या वाफ्यावरचं गवत पार कुंपणापर्यंत उडून गेलं होतं. कडेला गवत शिल्लक होतं ते एकाच वाफ्यावर. पेंटरने त्यावर जुनी जाळी टाकून दगड ठेवले होते, म्हणून ते टिकलं.

बिचाऱ्या बाब्याने दगड बाजूला केले, जाळी गुंडाळली, गवत ओढलं आणि मन लावून खणत सुटला. गवताखालचा वाफा बघणाऱ्याला रिकामाच वाटतो. जन्मात कधी काही पेरलं नसेल त्याला काय कळणार, की खाली थंडीआधी लावलेली लसूण आता कुठे डोकं वर काढतेय. अर्धा वाफा उलथून झाला, तेव्हा पेंटर आला.

मावशी पोचेपर्यंत बाब्याकडून हिसकावलेलं फावडं पेंटरच्या हातात होतं आणि तिसरा फटका मांडीवर बसला होता.

"माझ्या पोरानं लावली होती ती!" पेंटर ओरडत होता. "एका हातानं! खुर्चीतून खाली वाकून एकेक पाकळी लावली त्यानं! रोज विचारतो, बाबा, उगवली का? रोज!"

"मला माहीत नव्हतं..." बाब्या मागे सरला.

"पाठ मोडताना माहीत होतं?" दांडा तोंडावर बसला. ओठ फाटून रक्त हनुवटीवर आलं. बाब्याची उजवी मूठ वळली. मावशीने ती वळताना बघितली. पेंटरनेही बघितली, आणि त्याच्या डोळ्यांत एकदम आनंदासारखं काहीतरी चमकलं.

"उचल!" तो म्हणाला. "उचल ना हात! बाप आहे मी त्याचा, मार मला. मार की रे!"

"बाब्या, हात मागे!" मावशी किंचाळली. "मागे घे हात! मागे!"

बाब्याने हात मागे नेले आणि पाठीशी एका हाताने दुसऱ्याचं मनगट घट्ट धरलं. सव्वासहा फुटी दणकट गडी, एका हाताने त्याने पेंटरला कुंपणापलीकडे फेकला असता. तो नुसता उभा राहिला. फटके बसत राहिले, दंडावर, बरगड्यांवर, गुडघ्यावर. गुडघ्यावरच्या फटक्याने तो खाली बसला, तरी मनगट सुटलं नाही. पोस्टमन मध्ये पडायला गेले तर दांड्याचं टोक लागून त्यांचा चष्मा उडाला.

मावशी तिथेच उभी राहून ओरडत होती, हात मागे, हात मागे. पेंटरचं नरडं धरावं असं तिला वाटत होतं. आणि मनाच्या तळाशी कुणीतरी म्हणत होतं, खाऊ दे मार, त्या पोराने नाही का खाल्ला? त्या आवाजाची तिला स्वतःचीच शिसारी आली. आई असून आपण पोराचा मार फेड म्हणून मोजून देतोय की काय?

मग पेंटरने फावडं फिरवलं. आता दांडा त्याच्या मुठीत होता आणि लोखंडी पातं वर, बाब्याच्या डोक्यावर. तेव्हा मात्र मावशी मध्ये घुसली. तिने दोन्ही हातांनी पातंच धरलं. धार तळव्यात शिरली, मनगटावरून रक्त कोपरापर्यंत ओघळलं, पण तिने सोडलं नाही.

"एवढं नको," ती म्हणाली. "बाकी मारलंत ते मारलंत. एवढं नको, भाऊ."

पेंटरने दोनदा हिसका दिला. मग त्याच्या हातातलं बळच संपलं. फावडं मावशीच्या हातात राहिलं आणि तो उलथलेल्या मातीत मटकन बसला.

गलका ऐकून कोपऱ्यावरून हवालदार धावत आला. बाब्याचं तोंड, मावशीचे हात, पोस्टमनचा मोडका चष्मा सगळं त्याने एका नजरेत बघितलं आणि बाब्याची कॉलर धरली.

"केलंस ना शेवटी? महिनाही धड गेला नाही!"

"त्यानं काही..." शिंपीणबाई बोलायला लागली.

"तुम्ही गप्प बसा. मारामारी कुणाशी झाली? यांच्याशी?" हवालदार पेंटरपुढे वाकला. "पेंटर, यानं हात उचलला का तुमच्यावर? नुसतं हो म्हणा. बाकीचं मी बघतो."

हवालदाराला खरं काय ते नको होतं, एक शब्द हवा होता, आणि तो द्यायचा की नाही हे एकट्या पेंटरच्या हातात होतं. मावशीने त्याच्याकडे बघितलं, पण विनवणी केली नाही. कुठल्या तोंडाने करणार? पेंटरने बाब्याकडे बराच वेळ बघितलं. बाब्याचे हात अजून पाठीमागेच होते.

"नाही," पेंटर म्हणाला.

"नीट आठवून सांगा."

"नाही म्हटलं ना! मी मारलं. फावड्यानं मारलं. ह्या बाईचे हात माझ्यामुळं कापले. न्यायचं तर मला न्या."

हवालदाराने कॉलर सोडली. "काय रे, तुझी तक्रार आहे?"

बाब्याने रक्त थुंकून मान हलवली. नाही.

"तुझे उपकार नकोत मला," पेंटर त्याच्याकडे न बघता म्हणाला. "आणि माफ केलंय असंही समजू नकोस. मरेपर्यंत नाही करणार."

"तसं समजत नाही मी," बाब्या म्हणाला.

हवालदार दोन्ही बाजूंना दम भरून निघून गेला. शिंपीणबाईने आपली ओढणी टरकावून मावशीच्या तळव्यांना बांधली. कुणीतरी म्हणालं, मुळं उघडी पडलीत, उन्हं चढली की जातील. मग पोस्टमन, शिंपीणबाई, सगळेच खाली बसले आणि धड राहिलेल्या पाकळ्या शोधून मातीत खोवू लागले. बाब्याही सरकला, पण पेंटर म्हणाला, "तू नको." तो जिथल्या तिथे थांबला. धड अशा पाकळ्या थोड्याच निघाल्या. बाकी सगळ्यांचे फावड्याने दोन तुकडे केले होते.

पेंटर हे बघत होता. मग तो मावशीशी बोलला. इतक्या वर्षांत आपणहून पहिल्यांदाच.

"घरी गेलो की तो विचारेल. काय सांगू?"

बांधलेले हात मांडीवर ठेवून मावशीने त्या उलथलेल्या मातीकडे बघितलं.

"उगवली होती म्हणून सांगा," ती म्हणाली. "त्यानं लावलेली सगळीच्या सगळी उगवली होती. हे काही खोटं नाही."

पेंटरने मान डोलावली. तुटलेल्या कोंबांतून त्याने चार-पाच लांबसे निवडले आणि नळाशी गेला. धारेखाली धरून तो एकेक कोंब बोटांनी चोळत राहिला, पांढऱ्या बुडाशी मातीचा कणही उरेनासा होईपर्यंत. मग ते कोरड्या रुमालात गुंडाळून, दाबले जाणार नाहीत अशा बेताने हातात धरून, तो घराकडे निघाला.